टॉमकॅटचा एनआयओ कनेक्टर: कनेक्शनं हजारो, थ्रेड दोनशे, मग सर्व्हर झोपतो कुठे?

टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर उतरवला की एनआयओ कनेक्टर, म्हणजे येणारी कनेक्शनं सांभाळणारा त्याचा भाग, सोबत येतोच. वेगळे पैसे नाहीत, वेगळा परवाना नाही, अपाचे २.० मध्ये सगळं बसतं. टॉमकॅट ८.० पासून तोच डीफॉल्ट झाला आणि ८.५ मध्ये जुना ब्लॉकिंग (डेटा येईपर्यंत अडून बसणारा) कनेक्टर, म्हणजे बीआयओ, काढूनच टाकला. म्हणजे आज ९, १०.१ किंवा ११ चालवणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर हा आहे, माहीत असो वा नसो. स्प्रिंग बूटमध्ये काहीच न बदलता वेब स्टार्टर घेतला असेल तरी आत हाच बसलेला असतो.

आधी निकाल सांगून टाकतो. कनेक्शन सांभाळायच्या कामाला पाचपैकी साडेचार. रिक्वेस्ट लवकर उरकायच्या कामाला शून्य, कारण ते त्याचं कामच नाही. ऐरोलीपासून बीकेसीपर्यंत कुठल्याही ऑफिसात ‘आमचा सर्व्हर नॉन-ब्लॉकिंग आहे’ असं छातीठोक सांगितलं जातं आणि त्याच टीमचा सर्व्हर अडीचशे युजरवर गारठतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. हा कनेक्टर काही टप्प्यांवर नॉन-ब्लॉकिंग आहे आणि काहींवर नाही. ती सीमा ज्याला पाठ आहे त्याला तो उत्तम वाटतो.

आत काय चालतं

चालू सर्व्हरवर जेस्टॅक मारा, म्हणजे चालू थ्रेडची (एका वेळी एक काम करणाऱ्या धाग्यांची) यादी मिळेल. तीन प्रकारच्या नावांचे थ्रेड दिसतील: ‘एचटीटीपी-एनआयओ-८०८०’ या उपसर्गापुढे एक अ‍ॅक्सेप्टर, एक पोलर आणि बरेच एक्झेक. अ‍ॅक्सेप्टर नवीन कनेक्शन घेतो, सॉकेट नॉन-ब्लॉकिंग करतो आणि पोलरच्या रांगेत टाकतो. पोलरकडे जावाचा सिलेक्टर असतो, कुठल्या सॉकेटवर हालचाल झाली ते सांगणारा. लिनक्सवर त्याच्या खाली कर्नलची तीच सोय, ईपोल. हजारो सॉकेट त्या एकाच सिलेक्टरवर नोंदवलेली असतात. एखाद्यावर बाइट आले की पोलर त्या सॉकेटची नोंद तात्पुरती थांबवतो, म्हणजे तीच घटना पुन्हा वाजत नाही, आणि काम एक्झेक थ्रेडकडे सोपवतो. पोलर स्वतः एचटीटीपी वाचत नाही, त्यामुळे एक पोलर पुरतो. आठ कोरच्या मशीनवर पोलर वाढवले तर वेग वाढेल ही समजूत चुकीची आहे. १० पासून ते सेटिंगच काढून टाकलंय, आणि बरं केलं.

एक्झेक थ्रेड रिक्वेस्ट लाइन आणि हेडर वाचायला लागतो. हेडर अर्धवट आले असतील तर तो थांबत नाही; सॉकेट पुन्हा पोलरकडे देऊन मोकळा होतो. टीएलएसचा (एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनचा) हँडशेकही असाच तुकड्यातुकड्यांत होतो. रिक्वेस्ट पूर्ण झाल्यावर कीप-अलाइव्ह कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टची वाट बघत पोलरकडेच पडून राहतं. हे तीन टप्पे खरोखर नॉन-ब्लॉकिंग आहेत.

उरलेले दोन नाहीत. साध्या सर्व्हलेटमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या जावा कोडमध्ये) रिक्वेस्टची बॉडी वाचणं आणि रिस्पॉन्स लिहिणं, दोन्ही ब्लॉकिंग. खाली सॉकेट नॉन-ब्लॉकिंगच असतं, पण सर्व्हलेटचा इनपुटस्ट्रीम ब्लॉकिंग वागतो असा करार आहे, म्हणून टॉमकॅट एक्झेक थ्रेडला झोपवून तो करार पाळतो. आणि या दोहोंच्या मधे तुमचा कोड: डेटाबेस, रेडिस, पेमेंट गेटवे, ओटीपी पाठवणारी सेवा. त्या सगळ्या वेळात थ्रेड तुमच्याच नावावर.

दवाखान्यातला कंपाउंडर जसा बाकावरच्या पेशंटकडे लक्ष ठेवतो आणि ज्याचा नंबर लागला त्यालाच आत सोडतो, तसा हा पोलर. बाक कितीही लांब करा, हरकत नाही. पण आत गेलेला पेशंट पंचवीस मिनिटं तक्रार सांगत बसला, तर कंपाउंडर कितीही हुशार असून उपयोग नाही.

बीआयओच्या काळात काय व्हायचं

टॉमकॅट ७ पर्यंत डीफॉल्ट बीआयओ होता आणि एका कनेक्शनला एक थ्रेड हा हिशोब होता. मॅक्सथ्रेड्स २०० म्हणजे कनेक्शनंही २००. ब्राउझर पान उघडून कीप-अलाइव्हवर नुसता बसला तरी थ्रेड अडकलेला. थ्रेडचा स्टॅक ६४ बिट लिनक्सवर १ एमबी राखीव, म्हणून थ्रेड वाढवत नेणंही परवडायचं नाही. आता तेच २०० थ्रेड ८,१९२ कनेक्शनांमागे उभे असतात, कारण बहुतेक कनेक्शनं बहुतेक वेळ गप्प असतात.

मुंबईतल्या मोबाइल अ‍ॅपसाठी हा फरक फार मोठा आहे. संध्याकाळी सहाच्या लोकलमधला फोन बोगद्यात शिरला की नेटवर्क जातं. फोन रीतसर निरोप घेत नाही, फिन पॅकेट येत नाही, सर्व्हरच्या लेखी कनेक्शन जिवंतच. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह चालू केला तरी त्याची पहिली विचारणा डीफॉल्टने ७,२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. अशी अर्धमेली कनेक्शनं गर्दीच्या वेळी ढिगाने साचतात. बीआयओमध्ये प्रत्येकामागे एक थ्रेड टाइमआउट होईपर्यंत अडकायचा. एनआयओत त्याची किंमत एक फाइल डिस्क्रिप्टर आणि थोडी मेमरी. डीफॉल्ट वाचनाचा आणि लिहिण्याचा बफर प्रत्येकी ८ केबी, म्हणजे ८,१९२ कनेक्शनांना साधारण १२८ एमबी. टीएलएस टॉमकॅटवरच संपत असेल तर त्याचे बफर वेगळे, तो आकडा बराच वर जातो. हीप ५१२ एमबीचा ठेवून कनेक्शनची मर्यादा २०,००० करणाऱ्यांनी हा गुणाकार आधी कागदावर करावा.

आकडे, आणि ते एकमेकांत कसे गुंततात

आधी डीफॉल्ट: मॅक्सकनेक्शन्स ८,१९२, मॅक्सथ्रेड्स २००, मिनस्पेअरथ्रेड्स १०, अ‍ॅक्सेप्टकाउंट १००. कनेक्शनटाइमआउट मूळचा ६० सेकंद, पण टॉमकॅटसोबत येणाऱ्या सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये २० सेकंद लिहिलेला असतो. त्यामुळे वेगळा टॉमकॅट आणि स्प्रिंग बूटमधला एम्बेडेड टॉमकॅट वेगळे वागतात. कीपअलाइव्हटाइमआउट वेगळा दिला नाही तर तोही हाच आकडा उचलतो.

थ्रेडचं गणित सोपं आहे. रिक्वेस्टला ५० मिलिसेकंद लागत असतील तर २०० थ्रेड सेकंदाला ४,००० रिक्वेस्ट काढतात. बाहेरची एखादी सेवा रेंगाळली आणि तेच २ सेकंदांवर गेलं तर सेकंदाला १००. कनेक्टर तोच, मशीन तेच. इथे लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे मॅक्सथ्रेड्स २,०००. मग डेटाबेसची कनेक्शनं वाटून देणाऱ्या हिकारीसीपीकडे बघतच नाहीत. त्याचा पूल डीफॉल्ट १० चा. दोनशे थ्रेडमधले दहा डेटाबेसशी बोलतात आणि बाकीचे रांगेत. दोन हजार केले तर रांग लांबली इतकंच. ३० सेकंदांनी ‘कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल’ हा अपवाद लॉगमध्ये धो धो पडायला लागतो आणि दोष टॉमकॅटला जातो.

एक चांगली बाब मात्र नमूद करायला हवी. जावाचा मूळ थ्रेडपूलएक्झिक्युटर आधी रांग भरतो आणि रांग भरल्यावरच थ्रेड वाढवतो. रांग अमर्याद असेल तर थ्रेड कधीच वाढत नाहीत. टॉमकॅटने स्वतःची टास्कक्यू लिहून हा क्रम उलटा केलाय: आधी २०० पर्यंत थ्रेड, मग रांग. वेब सर्व्हरला हेच हवं.

मॅक्सकनेक्शन्स भरले की अ‍ॅक्सेप्टर थांबतो. त्यानंतर येणारी कनेक्शनं कर्नलच्या रांगेत, अ‍ॅक्सेप्टकाउंटपर्यंत. या अवस्थेत क्लायंटला कनेक्शन झाल्याचं दिसतं, पण उत्तर येत नाही. तीही रांग भरली की लिनक्स सरळ नकार देत नाही, पॅकेट गाळतो, आणि क्लायंट १ सेकंदाने, मग ३ व्या सेकंदाला पुन्हा दार ठोठावतो. म्हणून ग्राफमध्ये नुसतं कनेक्ट व्हायलाच १ किंवा ३ सेकंदांच्या आसपास लागणाऱ्यांचा गठ्ठा दिसला तर कोड वाचत बसू नका. ‘एसएस -एलटीएन’ चालवा. ऐकणाऱ्या सॉकेटच्या ओळीत रिसीव्ह-क्यू म्हणजे आता रांगेत किती, आणि सेंड-क्यू म्हणजे रांगेची खरी मर्यादा. अ‍ॅक्सेप्टकाउंट १,००० लिहूनही तिथे १२८ दिसत असेल तर कर्नलच्या सोमॅक्सकॉनने कात्री लावली आहे. लिनक्स ५.४ च्या आधी तो डीफॉल्ट १२८ होता, नंतर ४,०९६.

फाइल डिस्क्रिप्टरचा घोळ याहून जास्त वेळा होतो. ‘टू मेनी ओपन फाइल्स’ आलं की कुणीतरी लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये ६५,५३६ लिहितो, सर्व्हिस रीस्टार्ट करतो आणि काहीच बदलत नाही. ती फाइल लॉगिन सेशनसाठी लागू होते. सिस्टमडीने उठवलेल्या सर्व्हिसला ती कळत नाही. युनिट फाइलमध्ये लिमिटनोफाइल लिहा, डीमन-रीलोड करा, रीस्टार्ट करा आणि मग प्रॉक फाइलसिस्टीममध्ये त्या प्रोसेसच्या लिमिट्स फाइलमध्ये खरा आकडा डोळ्यांनी बघा.

पुढे एनजिनएक्स असेल तर

इथे बहुतेक परीक्षणं गप्प असतात. पुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी, म्हणजे रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन मागे देणारा सर्व्हर, उभा असेल तर या कनेक्टरच्या अर्ध्या गुणांना कामच उरत नाही. एनजिनएक्स डीफॉल्टने रिक्वेस्टची बॉडी पूर्ण जमवून मगच मागे देतो आणि रिस्पॉन्सही स्वतःच्या बफरमध्ये झटकन ओढून घेतो. हळू फोनशी बोलणं त्याच्या गळ्यात. टॉमकॅटला दिसतात ती एकाच मशीनवरून येणारी मोजकी, जलद कनेक्शनं. बॉडीचं वाचन ब्लॉकिंग असलं तरी ते मिलिसेकंदात उरकतं. हेडर थेंबाथेंबाने सोडणारे हल्लेही तिथेच अडतात, कारण एनजिनएक्सचा क्लायंट हेडर टाइमआउट अख्ख्या हेडरला लागू आहे. टॉमकॅटमध्ये मात्र प्रत्येक बाइटबरोबर घड्याळ नव्याने सुरू होतं. थ्रेड अडकत नाही, पण ८,१९२ जागांपैकी एक जागा अडते.

एक खाच इथेही आहे. पुढच्या प्रॉक्सीचा किंवा लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट ६० सेकंद आणि टॉमकॅटचा २० असेल, तर टॉमकॅट कनेक्शन बंद करतो त्याच क्षणी पुढून त्यावर नवीन रिक्वेस्ट येऊ शकते. परिणाम: कमी लोडवर, विशेषतः रात्री, अधूनमधून येणारा ५०२ एरर, आणि अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नाही. मागच्याचा टाइमआउट पुढच्यापेक्षा मोठा ठेवायचा, हा नियम. पुढे ६० असेल तर कीपअलाइव्हटाइमआउट ७५ सेकंद द्या. कनेक्शनटाइमआउट मात्र २० वरच राहू द्या, त्याला ओढून वर नेऊ नका. एका कनेक्शनवर १०० रिक्वेस्ट झाल्या की टॉमकॅट ते बंद करतो. प्रॉक्सीमागे हा आकडा १,००० वगैरे केला तर विनाकारण होणारी उघडझाप थांबते.

वेबसॉकेट: कनेक्टर शोभतो तो इथे, आणि फसवतो तोही इथेच

शेअरबाजाराचे भाव दाखवणारं अ‍ॅप घ्या. सव्वानऊला बाजार उघडतो. नऊपासूनच फोन जोडले जायला लागतात आणि साडेतीनपर्यंत जोडलेले राहतात. प्रत्येक फोनचं एक वेबसॉकेट, म्हणजे दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येणारं, उघडंच राहणारं कनेक्शन. गप्प वेबसॉकेटमागे एकही थ्रेड नसतो, ते पोलरकडे पडून असतं. हे काम बीआयओने कधीच जमलं नसतं आणि एनआयओ ते इतक्या शांतपणे करतो की मॉनिटरवर व्यग्र थ्रेडचा आकडा दहाच्या खाली असतो.

गडबड पाठवताना होते. भाव बदलला की सगळ्या सेशनवर एक लूप आणि आत गेटबेसिकरिमोटने पाठवणं, हा कोड जवळपास प्रत्येक शिकवणीत सापडतो. ते पाठवणं ब्लॉकिंग आहे. बोगद्यातल्या फोनला पाठवलेले पहिले काही संदेश कर्नलच्या बफरमध्ये जातात, सगळं ठीक वाटतं. बफर भरला की लूप त्या एका फोनपाशी थांबतो. टॉमकॅटमधली या थांबण्याची डीफॉल्ट मुदत २० सेकंद. म्हणजे एक फोन मेला की बाकी सगळ्यांना वीस सेकंद जुने भाव. तीन मेले तर एक मिनिट. टेस्टिंगमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण ऑफिसच्या वायफायवर कुणाचा फोन मरत नाही.

मग लोक गेटअसिंकरिमोटवर जातात आणि दुसरा धक्का बसतो: आधीचा संदेश पूर्ण जायच्या आत दुसरा पाठवला की टॉमकॅट इलीगलस्टेटएक्सेप्शन फेकतो आणि ‘टेक्स्ट फुल रायटिंग’ अवस्थेत असल्याचं सांगतो. तो बग नाही. एका सेशनवर एका वेळी एकच संदेश. उपाय एकच: प्रत्येक सेशनला स्वतःची छोटी रांग, आणि पाठवणं पूर्ण झाल्याच्या कॉलबॅकमधून पुढचा संदेश. भावांसाठी तर रांगही नको. प्रत्येक शेअरचा फक्त ताजा भाव ठेवा आणि जुना पुसून टाका, कारण दोन सेकंदांपूर्वीचा भाव कुणालाच नको असतो. स्प्रिंग वापरत असाल तर त्यात सेशनवर गुंडाळायचा कन्करंट डेकोरेटर आहे, त्याला पाठवण्याची मुदत आणि बफरची मर्यादा देता येते. मर्यादा ओलांडली की सेशन बंद. ऑर्डरच्या पुष्टीसाठी असा ‘पुसा आणि ताजं ठेवा’ प्रकार करू नका, तिथे प्रत्येक संदेश पोचलाच पाहिजे.

आणि मेलेली सेशनं काढायची कुणी? वेबसॉकेट सेशनची आयडल मुदत टॉमकॅटमध्ये डीफॉल्टने शून्य, म्हणजे कधीच नाही. २५ ते ३० सेकंदांनी पिंग, आणि आयडल मुदत ९० सेकंदांच्या आसपास, एवढं नसेल तर दुपारपर्यंत कनेक्शनचा आकडा चढतच राहतो आणि तो बघून मंडळी ‘आज ट्रॅफिक चांगलं आहे’ म्हणतात.

असिंक सर्व्हलेट

बॉडी आणि रिस्पॉन्सही नॉन-ब्लॉकिंग करायचे असतील तर मार्ग आहे. सर्व्हलेट ३.० ने, २००९ मध्ये, स्टार्टअसिंक दिलं आणि ३.१ ने, २०१३ मध्ये, रीडलिसनर आणि राइटलिसनर. टॉमकॅटची अंमलबजावणी पक्की आहे. तक्रार आहे ती या एपीआयबद्दल.

स्टार्टअसिंक करून काम दुसऱ्या दोनशे थ्रेडच्या पूलकडे दिलं तर काहीच कमावलं नाही. अडकणारा थ्रेड फक्त बदलला. फायदा तेव्हाच, जेव्हा पुढचं कामही नॉन-ब्लॉकिंग आहे, किंवा लाँग पोलिंगसारखं नुसतं थांबायचं आहे. वाटेतल्या एका फिल्टरलाही असिंकसपोर्टेड ट्रू दिलं नसेल तर इलीगलस्टेटएक्सेप्शन. वीस फिल्टरांत तो एक शोधणं हे अर्ध्या दिवसाचं काम. मुदत डीफॉल्ट ३० सेकंद. ती संपल्यावर आलेलं उत्तर वाया. कम्प्लीट प्रत्येक वाटेने एकदाच बोलावलं पाहिजे, चुकीच्या वाटेनेसुद्धा. लॉगमधला रिक्वेस्ट आयडी थ्रेडलोकलमध्ये असेल तर नव्या थ्रेडवर तो गायब.

राइटलिसनरचा नियम वाचायला साधा आहे: इझरेडी खरं म्हणेल तोवर लिहा, खोटं म्हणाला की हात काढून घ्या आणि ऑनराइटपॉसिबल यायची वाट बघा. प्रत्यक्षात लोक एकदा विचारून दोनदा लिहितात. छोट्या फाइलवर चालतं, मोठ्या फाइलवर हळू नेटवर्कवर फुटतं. सर्वांत धोकादायक प्रकार म्हणजे कम्प्लीट झाल्यावरही जुन्या रिस्पॉन्स ऑब्जेक्टला हात लावणं. टॉमकॅट ही ऑब्जेक्टं पुन्हा वापरतो. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या रिस्पॉन्समध्ये जाऊ शकतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये याचा अर्थ काय ते सांगायला नको. वापरून झालेल्या ऑब्जेक्टांवरचं आवरण टाकून देणारं डिसकार्डफसाड्स हे सेटिंग चालू असल्याची खात्री करा.

मोठी फाइल द्यायची असेल तर स्वतः लिहूच नका. डीफॉल्ट सर्व्हलेट ४८ केबीपेक्षा मोठ्या स्थिर फायलींसाठी सेंडफाइल वापरतो, ते कर्नल परस्पर ढकलतो. फक्त अशा फाइलवर कॉम्प्रेशन होत नाही, हे लक्षात असू द्या.

बाकीचे

टॉमकॅटसारख्याच दुसऱ्या जावा सर्व्हरांपैकी जेटी तोलामोलाचा आहे. घटना पकडणारा थ्रेडच शक्य तिथे ती रिक्वेस्ट चालवतो, त्यामुळे प्रोसेसरच्या कॅशमधला डेटा ताजाच असतो. नेहमीच्या डेटाबेसवाल्या अ‍ॅपमध्ये हा फरक मोजायला गेलात तर डेटाबेसच्या आवाजात ऐकू येणार नाही.

अंडरटो कमी मेमरीत चालतो, पण त्याचा थेट हँडलर लिहिताना आयओ थ्रेडवर आहोत का ते तपासून डिस्पॅच करावं लागतं. विसरलात तर तो निदान स्पष्ट सांगतो की आयओ थ्रेडवरून ब्लॉकिंग काम मना आहे. नवीन प्रकल्पाला मात्र नको. स्प्रिंग बूट ४ ने सर्व्हलेट ६.१ च्या अटीपायी त्याचा पाठिंबा काढलाय.

नेटी या नॉन-ब्लॉकिंग सर्व्हरवर स्प्रिंगचं वेबफ्लक्स, हा खरा दुसरा पक्ष. तिथे तुमचा कोडच इव्हेंट लूपवर चालतो आणि लूप साधारण कोरइतकेच. चार लूप असतील आणि चार रिक्वेस्टनी प्रत्येकी २ सेकंदांचा जेडीबीसी (म्हणजे डेटाबेसचा ब्लॉकिंग) कॉल केला, तर ते २ सेकंद अख्खा सर्व्हर बहिरा. टॉमकॅटमध्ये हीच चूक २०० पैकी ४ थ्रेड खाते आणि कुणाला कळतही नाही. ज्या टीममध्ये दर सहा महिन्यांनी माणसं बदलतात तिथे ही क्षमाशीलता फार मोलाची. वेबफ्लक्स घ्यायचंच असेल तर टेस्टमध्ये ब्लॉकहाउंड बसवा, तो असे कॉल जागीच पकडतो.

व्हर्च्युअल थ्रेड आल्यावर

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ ने व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे जावाच सांभाळतो असे हलके थ्रेड, पक्के केले आणि टॉमकॅट १०.१ व ११ मध्ये कनेक्टरवर यूझव्हर्च्युअलथ्रेड्स ट्रू करता येतं. स्प्रिंग बूट ३.२ पासून एका ओळीचं काम. अ‍ॅक्सेप्टर आणि पोलर तसेच राहतात, बदलतो तो फक्त एक्झेक. कोड ब्लॉकिंगच लिहायचा, पण थांबलेला थ्रेड जवळपास फुकट. रीडलिसनर हाताने लिहायची गरज यामुळे बहुतेकांसाठी संपली, असं माझं मत.

पण चालू करण्याआधी एक गोष्ट बघा: मॅक्सथ्रेड्सची मर्यादा यात उडते. एकाच वेळी आत असलेल्या रिक्वेस्ट २०० वरून ८,१९२ वर जाऊ शकतात आणि हिकारीचा पूल तिथेच, दहावर. नकळत तो दोनशेचा आकडा सगळ्यांचं रक्षण करत होता. बाहेरच्या प्रत्येक सेवेभोवती सेमाफोर (एका वेळी किती थ्रेड आत, याची मर्यादा) लावा, आणि डेटाबेसचं कनेक्शन मिळायची मुदत ३० वरून २ ते ३ सेकंदांवर आणा. जावा २१ वर सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेड धरून ठेवतो. जुने जेडीबीसी ड्रायव्हर इथेच मार खातात. जावा २४ मध्ये ही अडचण काढली आहे, म्हणून जमलं तर थेट २५ वर जा.

विकत घेण्याआधी नव्हे, पण लाइव्ह करण्याआधी

तीन चाचण्या पुरतात. पहिली: ५,००० कनेक्शनं उघडून एकेक रिक्वेस्ट करून गप्प ठेवा. थ्रेड दहाच्या आसपास राहायला हवेत. एका मशीनवरून एकाच पोर्टला डीफॉल्टने २८,२३२ च्या वर कनेक्शनं निघत नाहीत, तेव्हा त्याच्या पुढची चाचणी दोन मशीनवरून. दुसरी: स्लोएचटीटीपीटेस्टने हेडर हळूहळू सोडा, कनेक्शन काउंट चढेल, व्यग्र थ्रेड नाहीत. तिसरी: बॉडी दर पाच सेकंदांना एक बाइट अशी २५० कनेक्शनं, बॉडी खरोखर वाचणाऱ्या यूआरएलवर. व्यग्र थ्रेड २०० ला टेकतील आणि शेजारच्या ब्राउझरमधलं साधं पान फिरत बसेल. तीच चाचणी एनजिनएक्सच्या पुढून करा आणि फरक टीमला दाखवा.

लाइव्हवर जेएमएक्समधले (चालू जावा प्रोग्रॅमचे आकडे दाखवणाऱ्या सोयीतले) दोन आकडे एकाच ग्राफवर ठेवा: कनेक्शन काउंट आणि करंट थ्रेड्स बिझी. स्प्रिंग बूटमध्ये त्यासाठी टॉमकॅटची एमबीन नोंदणी मुद्दाम चालू करावी लागते, डीफॉल्ट बंद असते. फक्त पहिला चढला तर माणसं आली आहेत किंवा मेलेली सेशनं साचली आहेत. दुसरा चढला आणि पहिला स्थिर असेल तर मागे काहीतरी रेंगाळतंय. त्या क्षणी दहा सेकंदांच्या अंतराने तीन जेस्टॅक घ्या आणि एक्झेक थ्रेड कुठल्या ओळीवर उभे आहेत ते मोजा. अडकलेला थ्रेड पकडणारा टॉमकॅटचा व्हॉल्व्ह आहे, पण त्याची डीफॉल्ट मुदत ६०० सेकंद. ती ३० करा. व्हर्च्युअल थ्रेडवर व्यग्र थ्रेडच्या आकड्याला अर्थ उरत नाही; तिथे डेटाबेस पूलच्या रांगेत किती थांबलेत त्या आकड्यावर अलार्म लावा.